दोन हात पाणी

शेळके गुरुजी. आधी नाव लिहून ठेवते. पुढं लिहिताना माझं कुठं भरकटेल याचा भरवसा नाही, आणि नेमकं त्यांचंच नाव राहून गेलं असं व्हायला नको. पारनेर तालुक्यात माळावर आमची वाडी, वाडीत दोन खोल्यांची शाळा, आणि त्यातल्या एका खोलीत पाचवी, सहावी, सातवी एकत्र घेणारे शेळके गुरुजी. आज चार माणसांत उभं राहून 'थांबा, आधी बघू या' एवढं मला म्हणता येतं ते त्यांच्यामुळं. काय घडलं ते सांगतेच.

मी सहावीपर्यंत शिकलेली बाई. लिहायला बसले की वेलांटी पहिली की दुसरी, इथंच घाम फुटतो. पण परवा चैत्र लागला आणि इथं जबलपुरात आमच्या क्वार्टरच्या नळाचं पाणी बारीक झालं. दरवर्षी होतं. दरवर्षी वरच्या मजल्यावरच्या बायका खालच्या मजल्यावरच्या एका बाईवर संशय घेतात, की तिनं नळाला पाइप लावलाय. यंदाही आवाज चढले. ती बाई दारात उभी होती, हातात पिठाची परात तशीच, आणि कुणी तिच्याकडं सरळ बघत नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यांनी आपापल्या नळाखाली एकसारखी बादली लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. एक दोघी हसल्या. पण लावल्या बादल्या. दुपारपर्यंत कळलं की खालच्या मजल्यावर तर सगळ्यांत उशिरा भरते. वरच्या टाकीच्या झडपेत गाळ अडकला होता.

मी घरात आले आणि दार लावलं. ती पिठाची परात धरलेली बाई मला आधी कुठं दिसली होती, ते मला माहीत होतं.

त्या साली बाजरीचं पीक हाताला लागलं नव्हतं. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्र्याहत्तरच्या चैत्रात आमचा माळ भाजल्या पापडासारखा दिसायला लागला. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायची, सकाळी अंधुक असतानाच. घरी मी, धाकटी भावंडं आणि आबा, म्हणजे माझे आजोबा. रेशनवर लाल मिलो नावाचा परदेशी जोंधळा मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि खाताना घशात अडायची. शाळेत गूळपिठाची सुकडी वाटत. तिचा गोडसर, भाजका वास अजून कुठं आला तर मला एकदम चटईवर मांडी घालून बसल्यासारखं होतं. मुलं सुकडीसाठी शाळेत येतात, असं लोक म्हणायचे. खरंच होतं ते. पण सुकडी खाऊन संपली तरी आम्ही उठायचो नाही, ते गुरुजींच्या रेडिओमुळं.

पंचायत समितीकडून शाळेला रेडिओ आला होता. लाकडी खोका, पुढं सोनेरी जाळी. त्याचे सेल संपत आले की गुरुजी ते खिडकीत उन्हाला ठेवायचे, कुरडया वाळत घालाव्यात तसे, आणि एकाला राखणीला बसवायचे. उन्हानं सेलात जीव यायचा, आठवडाभर पुरायचा. पुण्याहून शाळांसाठी कार्यक्रम लागे. त्यात एक बाई फार गोड आवाजात काहीतरी सांगायच्या आणि मध्येच विचारायच्या, 'मुलांनो, असं का बरं होत असेल?' त्या असं म्हणाल्या रे म्हणाल्या, की गुरुजी उठून रेडिओ बंद करायचे.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, सेल वाचवायला करत असतील. अन्वर सातवीत होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "गुरुजी, उत्तर ऐकू द्या की. बाई रागावतील." गुरुजी म्हणाले, "बाईंचं उत्तर बाईंपाशी ऱ्हाऊ दे. तुझं काय हाय ते सांग." आणि मग जे चालायचं त्याला वर्ग म्हणावं की बाजार, मला कळत नाही. ढग कशाचे असतात, माठातलं पाणी गार का होतं, मुंग्या अंडी तोंडात धरून कुठं निघाल्या. कुणी काहीही बोलावं. फक्त एक नियम होता, बोललेलं दाखवायचं. माठाला ओलं फडकं गुंडाळून दाखवायचं, मुंग्यांच्या मागं जायचं. दाखवता आलं नाही तर गुरुजी चिडायचे नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात ते वाक्य लिहायचे आणि पुढं नुसतं एक प्रश्नचिन्ह काढायचे. कित्येक प्रश्नचिन्हं तिथं महिना महिना असायची.

गावात याची चेष्टा व्हायची. सरपंचतात्या येता जाता विचारायचे, काय गुरुजी, आज पोरांनी तुम्हाला काय शिकवलं? गुरुजी हसायचे. त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली असायची आणि हसताना ते मान अशी तिरकी करायचे, की कॉलरचा तो उसवलेला कोपरा दिसायचा.

एकदा रेडिओवर विहिरींबद्दल सांगितलं. तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी रोज किती खाली जातं, कधी मोजलंय का, असं त्या बाईंनी विचारलं आणि खट्. रेडिओ बंद. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो, कारण गावात पाण्याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं आणि मोजलं मात्र कुणीच नव्हतं. वाडीला पिण्याची एकच विहीर उरली होती. घराला दोन हंडे, असा तात्यांनी नेम लावून दिला होता.

मोजायचं तर कशानं? हातानं, असं ठरलं. मग कुणाच्या हातानं, यावर अख्खा एक दिवस गेला. अन्वरचा हात लांब, पाचवीतल्या पोरांचा आखूड. शेवटी माझा हात मधला निघाला म्हणून माझ्या हाताएवढी काठी तोडली आणि ती 'सुमनचा हात' म्हणून कोनाड्यात ठेवली. आबांचा जुना दोर आणला, त्याला हाताहाताला गाठ मारली, टोकाला दगड बांधला. रोज शाळा भरायच्या आधी विहिरीवर जायचं, काठावरच्या एका ठरलेल्या दगडावरून दोर सोडायचा, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. माझं अक्षर बरं म्हणून नोंद माझ्याकडं आली. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, गेरूनं, सगळ्यांना दिसेल अशी.

लोक आधी हसले. मग येता जाता वाचायला लागले. ज्यांना वाचता यायचं नाही ते मला विचारायचे, "काय गं सुमे, आज किती?" आणि मी सांगायची, सव्वीस हात. सत्तावीस. सत्तावीस आणि चार बोटं. दुसऱ्या कुणी आपला शब्द असा कान देऊन ऐकावा, हे मला नवीन होतं. मी फुगले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पाणी तीस हातांवर गेलं तेव्हा आबांना त्यांचा दोर परत हवा झाला. मग आम्ही नवा वळला. बांधावरच्या घायपाताची पानं ठेचून, खरवडून वाख काढला, शनिवारी शाळा सुटल्यावर तो वळत बसलो, 'सुमनचा हात' लावून लावून गाठी मारल्या आणि लगेच मोजून पाहिलं. बरोबर तीस. जुन्या दोरानंही तीस. खाली विहिरीत अजून चारेक हात पाणी होतं.

दोर मी घरी नेला. रविवारी आबांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले की नवा दोर भिजवल्याशिवाय विहिरीत सोडू नये, पीळ बसत नाही, लवकर तुटतो. गावात सगळे तसंच करायचे. मला वाटलं, आपण केलेला दोर टिकला पाहिजे. शेळीला पाणी पाजायच्या दगडी डोणीत पाणी होतं. मी तो अख्खा दोर त्यात दाबून ठेवला, आणि पाणी कमी पडलं म्हणून घरातल्या हंड्यातलं दोन तांबे वर ओतलं. कुणाला न विचारता.

सोमवारी सकाळी दोर सोडला. बत्तीस हात.

मी दोनदा मोजलं, अन्वरनं मोजलं. बत्तीस. एका दिवसात दोन हात पाणी गेलं होतं. मी भिंतीवर लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, चांगलं ठळक.

ती बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. आणि एक गंमत बघा, आकडा ऐकल्यावर पाणी शेंदणाऱ्या प्रत्येक बाईला वाटलं की आज आपलाही दोर जास्त सुटला. एकीनं सांगितलं, दुसरीनं मान डोलावली. कुणीतरी चोरून उपसतंय, हे दुपारच्या आत ठरलं. कोण, हे ठरायलाही फार वेळ लागला नाही. विहिरीच्या अगदी लगत हौसाकाकूचं घर होतं. एकटी बाई, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, आणि दारात लिंबाचं झाड. कागदी लिंबाचं. साऱ्या वाडीत तेवढं एक हिरवं होतं.

"त्याला पानं कशी ऱ्हायली?" एवढं एकच वाक्य पुरलं.

हौसाकाकू म्हणत राहिली की मी भांडी घासल्यालं पानी घालते, सांजच्याला येऊन बघा. कुणी गेलं नाही. तात्यांनी तिचे दोन हंडे बंद केले. वाईट माणूस नव्हते तात्या, त्यांच्यावर अख्ख्या वाडीच्या तहानेचा भार होता आणि भिंतीवर आकडा होता. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तेव्हा हौसाकाकू रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी होती आणि बायका तिच्याकडं पाठ करून शेंदत होत्या. ती वळली आणि ओढ्याच्या बाजूनं चालू लागली. तिकडं झरा होता, पण जाऊन येऊन अर्धा दिवस मोडायचा. सत्तरीची असेल ती तेव्हा, किंवा मला तशी वाटायची.

वर्गात गुरुजींनी रेडिओ लावलाच नाही. म्हणाले, शनिवारी तीस होते, सोमवारी बत्तीस. मधी काय काय बदललं ते सांगा. पोरं सांगत गेली. ऊन वाढलं. वारा सुटला. पाव्हणे आले. शेजारच्या वस्तीनं मोट लावली असंल. गुरुजी सगळं फळ्यावर लिहीत होते. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "ह्यातलं समदं दुसऱ्यांनी बदलल्यालं हाय. आपुन काय बदललं?"

दोर बदलला, असं एकानं सांगितलं. पण तो जुन्याला लावून पाहिला होता, दोन्ही तीसच भरले होते, त्यामुळं ते फळ्यावरून पुसलं गेलं. मी भिजवल्याचं कुणाला माहीत नव्हतं. आणि भिजवल्यानं काही होतं, हे मलाही माहीत नव्हतं, खरं सांगते. पण काहीतरी टोचत होतं. बोलले तर दोन तांबे पाणी दोरावर ओतलं हे बाहेर येणार. ज्या गावात तान्ह्या पोराला ओल्या फडक्यानं पुसत होते त्या गावात. दादा काय म्हणतील, तात्या आमचेही हंडे बंद करतील का, भिंतीवरची नोंद माझ्याकडून जाईल का. असं सगळं एकदम. मी त्या दिवशी गप्प बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

हा माझा भित्रा स्वभाव अजून गेलेला नाही. गॅस बंद केला का, हे मी अजून तीनदा उठून बघते. माझी मुलगी हसते. तिला काय सांगू की एकदा न बघितल्यामुळं काय झालं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मागं राहिले. गुरुजी खिडकीतले सेल गोळा करत होते. मी म्हटलं, "गुरुजी, दोर भिजवला हुता मी. डोणीत. आबा म्हनले म्हून."

ते सेल हातात धरून थांबले. मला वाटलं आता छडी बसते. ते म्हणाले, "मग पानी कमी झालं का दोर कमी झाला, हे कसं कळायचं?"

"म्हाईत न्हाई."

"मलाबी न्हाई. चल, बघू."

या 'मलाबी न्हाई'चा माझ्यावर काय परिणाम झाला ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोठं माणूस, शिकलेलं, गुरुजी, आणि त्याला माहीत नाही, आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही. माझी छाती एकदम मोकळी झाली. मी रडलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाखाचा दोर वळून वर्गाच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये मोजला, दहा हात. मग तो दोर हात धुतलेल्या पाण्याच्या घमेल्यात टाकला. भिजेपर्यंत वाद. दोर भिजून फुगतो, म्हणजे लांब होणार, असं निम्म्यांचं म्हणणं. अन्वर म्हणाला, "आमची अम्मी बाज ढिली झाली की सुतळीवर पानी मारती. मंग बाज ही टाइट. अब्बा म्हनतात, दुष्काळात तेबी बंद, आता झोळीतच झोपा." सगळे हसले, आणि हसता हसता एकदम घमेल्यातल्या दोराकडं बघायला लागले. दोर बाहेर काढला, पिळला, खिळ्याला लावला. पलीकडच्या खिळ्याला पोचेना. अर्ध्या हाताहून थोडा जास्तच आखूड.

गाठी जवळ आल्या होत्या. पाणी होतं तिथंच होतं.

गुरुजींनी आबांचा जुना दोर मागून आणला आणि आम्ही विहिरीवर पळालो. तीस हात आणि सहा बोटं. आम्ही ओरडलो बहुतेक, आठवत नाही. गुरुजींचं तोंड तेवढं आठवतं. आनंद होता, पण ते हौसाकाकूच्या बंद दाराकडं बघत होते.

संध्याकाळी कामावरून माणसं परतली तेव्हा गुरुजींनी तात्यांना शाळेच्या भिंतीपाशी बोलावलं. पाच-पंचवीस माणसं जमली. मला वाटलं होतं गुरुजी सांगतील. ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "नोंद तुझी हाय सुमन. खोडायची तर तूच खोड." गेरूचा डबा माझ्या हातात दिला.

मी बत्तीसवर काट मारली. मग सांगितलं. डोण, दोन तांबे, आबा, वाख, खिळे, सगळं मागंपुढं झालं असेल. गर्दीत दादा होते, त्यांच्या अंगावर तलावाची पांढरी माती होती, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. कुणीतरी म्हणालं, पोरींच्या हातात गावाची विहीर दिली की असंच व्हायचं. रेडिओनं शाळा बिघडवली, असंही कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात आबा काठी टेकत पुढं आले. "भिजवाया मीच सांगितलं हुतं. सत्तर वर्सं दोर भिजवतोय मी. आखूड होतो ते मला आज कळलं," म्हणाले. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि हौसाकाकूच्या दाराकडं चालू लागले. त्यांच्यामागं दोघं तिघं गेले. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आली आणि बायकांनी तिला पुढं जाऊ दिलं.

मी तिचा हंडा उचलू लागले. तिनं उचलू दिला. मग म्हणाली, "आकडा चुकला ते जाऊ दे, पोरी. दोन दिस गप का बसलीस?"

रागानं नव्हतं ते. खरंच विचारत होती. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी काही समजूत घातली नाही. ते म्हणाले, हा प्रश्न फळ्यावर लिहायचा न्हाई, तुझ्यापाशी ठेव. मी ठेवलाय. जबलपुरातल्या त्या बाईसाठी मी दोन दिवस घेतले नाहीत, एवढंच पुढं आले आहे. परवा तिनं मला गरम पराठे आणून दिले आणि मी उगीचच तिची माफी मागितली. तिला काही कळलं नाही.

विहीर पावसापर्यंत टिकली. मी शाळेत टिकले नाही. आई कामावर आजारी पडली आणि सातवीच्या पहिल्या दिवशी तिच्या जागी मी तलावावर मातीची पाटी उचलायला गेले. गुरुजी दोनदा घरी आले. दादांनी त्यांना चहा दिला, आपल्या फुटलेल्या तळव्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचं खरं हाय गुरुजी, पन काय करू." गुरुजींनी वाद घातला नाही. दाराशी आल्यावर मला एवढंच सांगितलं की तुझी नोंद मी चालू ठेवीन. तीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी इतकी लांब आले की आमच्याकडची भाषा बोलायला इथं फक्त आरसा आहे.

गेल्या महिन्यात भावाचं पत्र आलं. शेळके गुरुजी रिटायर होऊन वाडीतच राहिलेत. दोन्ही डोळ्यांना दिसेनासं झालंय. पेपर हातात घेऊन बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला वाचून दाखव म्हणतात. लोकांना कामं असतात.

गुरुजी, मी येणार आहे. मुलीची शाळा, ह्यांची रजा, गाडीची दोन रात्रींची बैठक, सगळं जुळलं की येणार. चार दिवसांसाठी नाही, चांगली महिनाभर. रोज सकाळी तुमच्या ओट्यावर बसून तुम्हाला पेपर वाचून दाखवीन, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, बाजारभावासकट. मी अडखळेन. जोडाक्षरं माझ्या हातून सुटतील, मोठे शब्द मोडतील. तुम्ही मध्येच थांबवा, पुन्हा वाचायला लावा. इतर कुणापुढं चुकायचं म्हटलं की माझा जीव जातो. तुमच्यापुढं जात नाही.

तुमचं देणं मी असं फेडीन, गुरुजी. मोठ्यानं, चुकत चुकत.